कानामागचा प्रोसेसर बदलायचा का? कर्जाचा अर्ज भरण्याआधी

मैत्रिणींनो, कुही तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत मागे दीड लाखाचा कर्जमागणी अर्ज आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "पोरीच्या कानाचं मशीन". पोरगी नववीत. चार वर्षांची असताना नागपूरला तिचं कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालेलं. आई म्हणाली, "मशीन मधामधात बंद पडते. दवाखान्यातले म्हणतात, जुनं झालं, नवीनच घ्या. महिन्याच्या आत घेतलं तर सूट आहे." गटात कुजबुज सुरू झाली. मशीन चालू आहे ना, मग दीड लाख काहून? कोणी म्हणालं, लेकराच्या कानाचा प्रश्न आहे, देऊन टाका. दोन्हीकडच्या बायका मनापासून बोलत होत्या, पण मशीन काय असतं हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. म्हणून हा पाठ.

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे साधं श्रवणयंत्र नव्हे. श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडतं. इम्प्लांटचे दोन भाग असतात. एक आत, कातडीखाली, ऑपरेशन करून बसवलेला. त्याची बारीक तार आतल्या कानाच्या शंखात जाते आणि थेट नसेला विजेचे संकेत देते. दुसरा बाहेर, कानामागे. तोच प्रोसेसर. त्यात माईक, बॅटरी, आणि केबलने जोडलेली गोल कॉइल, जी लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. आतला भाग वर्षानुवर्षं राहावा म्हणूनच बसवतात. बाहेरचा मात्र घाम, पाणी, पडझड सोसतो आणि झिजतो. तो बदलायला पुन्हा ऑपरेशन लागत नाही. पण तो काढला की बहुतेक मुलांना काहीच ऐकू येत नाही, म्हणून "मोबाईलसारखं आहे, चालेल तोवर चालेल" असं म्हणून सोडता येत नाही.

आता पहिला प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: बिघाड नक्की कुठे आहे? मशीन मधामधात बंद पडतं तेव्हा दोष पुष्कळदा केबलमध्ये किंवा कॉइलमध्ये असतो. केबल वाकून वाकून आतून तुटते. बॅटरी जुनी झाली की दुपारपर्यंतच टिकते. माईकवरच्या छोट्या जाळीत धूळ आणि घाम बसतो, आणि आवाज दबका येतो. ही जाळी ठरावीक महिन्यांनी बदलायची असते, हे अनेक घरांत सांगितलेलंच नसतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात घामाच्या धारा आणि लगेच पुढे पावसाळ्याची ओल. रात्री मशीन सुकवणीच्या डबीत ठेवलं नाही तर नवीन घेतलेलंही असंच रडेल. ओळखीच्या कोणाकडे त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं मशीन असेल तर ऑडिओलॉजिस्टसमोर केबल आणि कॉइल बदलून बघता येतं. मशीन मात्र एकाचं दुसऱ्याला लावायचं नाही. त्यातलं मॅपिंग, म्हणजे कुठल्या तारेला किती वीज द्यायची हा हिशेब, त्या एकाच मुलाचा असतो.

मॅपिंगही जुनं होतं. दोन-तीन वर्षं कोणी तपासलं नसेल तर "ऐकू कमी येतं" याचं कारण तेच असू शकतं. त्यासाठी नवीन मशीन लागत नाही, एसटीचं तिकीट आणि एक दिवसाची मजुरी लागते.

घरी एक चाचणी रोज करता येते. सहा आवाज: आ, ऊ, ई, श, स, म. आईने पाठीमागे उभं राहायचं, ओठ दिसू द्यायचे नाहीत, एकेक आवाज साध्या सुरात काढायचा आणि लेकराने तो परत म्हणायचा. आधी हाताच्या अंतरावरून, मग खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. क्रम रोज बदला, नाहीतर पोरं पाठ करतात. लिंग नावाच्या तज्ज्ञाची ही पद्धत जगभर वापरतात. काल येणारा "स" आज येईनासा झाला तर आधी माईकची जाळी आणि बॅटरी बघा. रोजचं वहीत लिहून ठेवलंत तर डॉक्टरांनाही ती वही कामाची.

या कुहीच्या ताईंचं तेच निघालं. केबल तुटलेली होती. नवीन केबल लावल्यावर मशीन बंद पडायचं थांबलं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि "बघा, उगाच कर्ज मागत होती" असं कोणी म्हणू नये. कंपन्या काही वर्षांनी जुन्या मॉडेलची दुरुस्ती आणि सुटे भाग खरोखरच बंद करतात. मग केबल तुटली तर केबलही मिळत नाही. केरळात सरकारी मदतीने ऑपरेशन झालेल्या मुलांपुढे हाच पेच आला, आणि तिथल्या "श्रुतितरंगम" योजनेत पुढे प्रोसेसर बदलून देण्याचीही सोय झाली. म्हणून दुसरा प्रश्न कंपनीला लेखी विचारायचा: या मॉडेलचे भाग कोणत्या तारखेपर्यंत मिळतील? तोंडी उत्तर घेऊ नका. त्याच कागदावर हेही विचारा, की नवीन प्रोसेसर आमच्या लेकराच्या आतल्या भागाला चालतो का. एका कंपनीचा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या इम्प्लांटला चालत नाही, आणि त्याच कंपनीचा नवा प्रोसेसरही प्रत्येक जुन्या इम्प्लांटला चालेलच असं नाही. ऑपरेशनच्या वेळी मिळालेलं कार्ड सोबत न्या, मॉडेल नंबर त्यावर असतो.

नवीन मशीनने फायदा काय? गोंगाटात बोलणं जास्त स्पष्ट होतं, हा खरा फायदा, आणि शाळेत तो मोठा आहे. फोन थेट जोडता येतो, पाण्यापासून बचाव बरा असतो. पण फळ्याजवळ उभ्या बाईंचा आवाज शेवटच्या बाकावर पोचत नसेल, तर शिक्षिकेच्या गळ्यात अडकवायचा वेगळा माईक काही वेळा नव्या प्रोसेसरहून जास्त उपयोगी पडतो. जुन्या मशीनला तो जोडता येतो का, ते विचारा. नवीनच घ्यायचं ठरत असेल तर आधी ते लावून चाचणी मागा: जुन्या मशीनवर शब्द किती ओळखले, नव्यावर किती, शांततेत आणि गोंगाटात. फरक आकड्यात दिसला पाहिजे. नव्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे जातात, म्हणून दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर बदल करू नका. जुनं मशीनही परत देऊन टाकू नका. नवीन दुरुस्तीला गेलं तर तेच कामी येतं.

पैशाचं बोलू. एक लाख रुपये महिना १ टक्क्याने, उरलेल्या रकमेवर व्याज धरून, ३६ हप्त्यांत फेडले तर हप्ता साधारण ३,३२० रुपये आणि व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास. तेच २ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ३,९२० च्या पुढे आणि व्याज एक्केचाळीस हजार. म्हणजे "महिन्याच्या आत घ्या"वाली सूट व्याजातच जाऊ शकते.

मदतीची दारं आहेत. केंद्राच्या एडीआयपी योजनेत इम्प्लांट मिळतं, पण तिचा भर लहान मुलांच्या पहिल्या ऑपरेशनवर आहे. तिचं काम मुंबईची अली यावर जंग संस्था बघते आणि नागपूरचं सीआरसी हे दिव्यांगांचं केंद्र त्याच संस्थेच्या अखत्यारीत आहे, तेव्हा चौकशीला मुंबई गाठायची गरज नाही. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. त्यात प्रोसेसर बसणार नाही, पण केबल, कॉइल, बॅटरी बसू शकते. ग्रामसभेत अर्ज द्या, यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स जोडा.

ज्यांच्या लेकराचं ऑपरेशन नुकतंच झालंय त्यांनी आजच वेगळं खातं उघडावं. महिन्याला हजार टाकले तरी आठ वर्षांत ९६,००० जमतात, व्याज सोडून.

कुहीच्या ताईंनी अर्ज मागे घेतला नाही, पुढे ढकलला. कंपनीच्या लेखी उत्तरात भाग मिळण्याची मुदत पुढच्या वर्षाअखेरची आली. गटाने ठरवलं, पोरीची दहावी होऊ द्यायची, तोवर ताईंनी महिन्याला दोन हजार बाजूला टाकायचे, आणि उरलेल्या रकमेचं कर्ज परीक्षा झाली की मे महिन्याच्या बैठकीत मंजुरीला घ्यायचं.