डॉक्टरांचा पडदा आणि आमची झाडी

१. गोळ्या रोग्याने घ्यायच्या असतात, पण आजार समजून घ्यायचा असतो घरच्यांनी. गडचिरोलीच्या गावांत मनाच्या आजारांवर बोलत फिरताना हे मला उशिरा उमगलं. डॉ. मोहन आगाशे यांनी ते केव्हाच ओळखलं असावं. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये ते मनोविकारशास्त्र शिकवत आणि १९७२ पासून ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना फडणवीस रंगवत. पुढे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’त त्यांनी स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित उभे केले, ‘कासव’चे तर ते निर्मातेच झाले. सुमित्राताईही मूळच्या समाजकार्य शिकवणाऱ्या. दवाखान्यात न मावणारं काहीतरी या दोघांना सांगायचं होतं, असं मला वाटतं.

२. लोक आपल्या घरातलं माणूस पडद्यावर शोधतात. ‘अस्तु’मध्ये चक्रपाणी शास्त्री रस्त्यावरच्या हत्तीमागे चालत सुटतात. आमच्याकडे २०२१ पासून छत्तीसगडातून आलेला रानहत्तींचा कळप धानात शिरतो, त्यामुळे गावच्या समाजमंदिरात आम्ही हा सिनेमा दाखवला तेव्हा पडद्यावर हत्ती दिसताच पोरंसुद्धा गप्प झाली. मागून एक बाई ओरडली, “अवो, त्या बुढ्याले कोनी धरा ना!” पुढे माहुताची बायको, कानडी वळणाचं बोलणारी चन्नम्मा, त्या परक्या म्हाताऱ्याला लेकरासारखं जेवू घालते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा संपला तरी मघाशी ओरडलेली ती बाई उठेना. तिची सासू रोज दिवस कलला की माहेरी जायला निघते, आणि घरचे तिला रागावून दार लावून घेतात. “बुढी नाटकं करते असं वाटे आमाले,” एवढंच ती म्हणाली. माझ्या कुठल्याही तक्त्याने, कुठल्याही माहितीपत्रकाने हे काम केलं नव्हतं.

३. काही वेळा न विचारणं हीच मदत असते. माझं कामच प्रश्न विचारण्याचं, म्हणून ‘कासव’मधली जानकी मला फार शिकवून गेली. मरायला निघालेल्या तरुणाला ती घरी आणते, खाऊ घालते, पण कारण विचारत नाही. २०१७ मध्ये या चित्रपटाला सुवर्णकमळ जाहीर झालं. मी मात्र त्यातून गप्प बसून राहायला शिकले.

४. उपचारासाठी गावच्या पुजाऱ्याकडे रोगी एकटा जात नाही, अख्खं घर जातं. दवाखान्यात आपण रोग्याला आत बोलावतो आणि नातलगांना बाकावर बसवतो. सिनेमा बघायला मात्र सगळे पुन्हा एका सतरंजीवर येतात.

५. आमच्या लोकांना बघायला शिकवावं लागत नाही. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम लागला की चादरी पांघरून माणसं उजाडेपर्यंत नाटक बघतात, खलनायकाला शिव्या घालतात, हुंदके देतात. वडशाच्या एखाद्या नाटक कंपनीने विसरत चाललेली सासू रंगमंचावर आणावी, असं मला मनापासून वाटतं. तिने इथल्या झाडीबोलीत बोलावं, आणि तिला माहेराच्या वाटेवर थोडं चालवून परत आणणारी सूनही त्यात असावी.