ब्रेकची रबरी नळी : जुनी गाडी वापरणाऱ्यांनी काय पाहावे?

खराडी, चंदननगर, वाघोली या नगर रस्त्यावरच्या भागात माल पोचविणाऱ्या अनेक व्यापारी बंधूंकडे आजही मारुती ओम्नी आहे. ही गाडी १९८४ साली बाजारात आली व २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे शेवटची ओम्नीसुद्धा आता जुन्यातच जमा. इंजिनाकडे आपण लक्ष देतो. ब्रेकच्या रबरी नळ्या मात्र तशाच राहतात.

माझेही तेच झाले. रविवार पेठेतून कापडाचे गठ्ठे भरून येताना खराडी बायपास चौकात ब्रेक दाबला, तर गाडी एकदम डावीकडे ओढली गेली. शेजारचा सायकलस्वार थोडक्यात वाचला. उजव्या पुढच्या चाकाची नळी बाहेरून ठीक होती. आतून फुगून जवळजवळ बंद झाली होती.

चाक वरखाली होते, वळते. म्हणून लोखंडी पाइप व चाक यांच्यामध्ये ही लवचिक नळी असते. आत रबर, मध्ये रेयॉन किंवा पॉलिएस्टर धाग्याची विणलेली जाळी, वर पुन्हा रबर. दाब सोसते ती जाळी. कापडवाल्याला सांगायला नको, वीण उसवली की माल गेला.

तपासणी : गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना उटी लावा. जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली घोडी द्या. नळी थोडी वाकवून भेगा पाहा. टोकांशी ओल, टायरला घासल्याची खूण पाहा. दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा. नळीला फुगा आला तर ती बाद. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा.

पेडल सोडल्यावरही चाक जाम राहिले, तर नळीच्या वरच्या टोकाचा नट किंचित सैल करा. तरी चाक सुटले नाही, पण चाकाजवळचे निपल उघडताच सुटले, तर दोष नळीतच आहे.

बदल : एकाच बाजूची नळी बदलू नका, जोडी बदला. आधी लोखंडी पाइपचा नट त्याच्या खास पान्याने सोडवा. साध्या पान्याने कोपरे गोल होतात. तांब्याचे वायसर असतील तर नवेच घाला. नवी नळी पिळलेली राहू देऊ नका.

मग हवा काढा. बहुतेक जुन्या गाड्यांत सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. डबीतले ऑईल संपू देऊ नका. गाडीला सांगितलेलेच सीलबंद ब्रेक ऑईल वापरा. इंजिन ऑईल किंवा रॉकेल गेले तर सगळे रबर खराब होते. काढलेले ऑईल परत भरू नका. पेडल घट्ट दाबून सांधे तपासा आणि मोकळ्या जागी, गाडी रिकामी ठेवून हळू चालवून पाहा.

हाताला सवय नसेल तर काम मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण समोर उभे राहा. जुनी नळी मागून घ्या आणि तारीख हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा.