मुलांचे वर्तन आणि रक्ताची साक्ष

मुलाच्या मनातील अस्वस्थता त्याच्या रक्तात दिसते काय? मानसशास्त्राच्या तासाला 'जैविक निर्देशक' ही संज्ञा प्रथम ऐकली, तेव्हा मला हा प्रश्न पडला. जैविक निर्देशक म्हणजे रक्त, लघवी वा लाळ यांत मोजता येणारी, शरीरात काय चालले आहे ते सांगणारी खूण.

याचे प्रसिद्ध उदाहरण 1934 मधील आहे. नॉर्वेतील एका मातेच्या दोन्ही मुलांची बौद्धिक वाढ खुंटली होती आणि त्यांच्या अंगाला विचित्र वास येई. डॉ. फोलिंग यांनी त्यांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकताच ती हिरवी झाली. अन्नातील फेनिलअ‍ॅलनीन हे द्रव्य त्या मुलांच्या शरीरात पचत नव्हते. असे मूल जन्मतःच ओळखून आहार बदलला, तर ही हानी टळते, हे पुढे सिद्ध झाले.

परंतु चंचलता, भीती वा उदासी यांचे निदान करणारी अशी एकही रक्तचाचणी आज नाही. ते निदान मुलाशी बोलून आणि पालक-शिक्षकांच्या निरीक्षणांवरूनच होते. मग रक्त तपासून उपयोग काय? उपयोग असा की, स्वभावदोष वाटणाऱ्या वागण्यामागचे शारीरिक कारण कधीकधी सापडते.

माझा धाकटा भाऊ चौथीत असताना वळसंगला आमच्या गल्लीत 'वांड' म्हणून प्रसिद्ध होता. वर्गात लक्ष नसे, क्षुल्लक कारणावरून रडे, पाटीवरच्या पेन्सिली कुडूकुडू खाई. गुरुजी अंगठे धरायला लावीत. आईने दृष्ट काढली, ताईत बांधला. अखेर सोलापूरच्या एका डॉक्टरांनी पेन्सिलींचे ऐकताच हिमोग्लोबिन तपासले. ते 8.2 भरले, त्या वयात किमान 11.5 हवे. जंतांचे औषध व लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत पेन्सिली सुटल्या, चिडचिड पुष्कळ कमी झाली. गणित मात्र कच्चेच राहिले!

मेंदूतील डोपामिन हे रसायन तयार होण्यास लोह लागते. म्हणून लोह घटले की लक्ष आणि मनःस्थिती यांवर परिणाम होऊ शकतो. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे 69 टक्के बालके रक्तक्षयी आढळली. पुण्यातील 2008 च्या एका अभ्यासात, गरोदरपणी ज्यांच्या मातांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी होते, ती मुले नवव्या वर्षी अवधान व स्मृतीच्या काही चाचण्यांत मागे पडली.

म्हणून प्रत्येक खोडकर मूल रक्तक्षयी असते असे नव्हे. घरातील भांडणे, भीती वा मार यांची जखम हिमोग्लोबिनमध्ये दिसत नाही. परंतु आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. शाळा-अंगणवाड्यांत 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांची आरोग्य तपासणी होते. 'वांड' हा शिक्का मारण्यापूर्वी त्या मुलाला तपासणीच्या रांगेत उभे करावे आणि तो काय खातो, हे एकदा विचारावे. माझ्या भावाला ते कोणी दोन वर्षे विचारले नव्हते. मीही नाही.