बिल भरलं आणि गाडी विकली

तपासनीसाच्या हातात एक छोटी हातोडी होती. एमओटी म्हणजे इंग्लंडातलं वार्षिक पासिंग. त्यात गंज पारखायला जेमतेम एवढंच हत्यार वापरता येतं; जोरात खरवडून किंवा टोकदार हत्याराने टोकरून बघायची परवानगी नसते. गाडी वर उचललेली होती. दाराखालून जाणारी लांब पोकळ पेटी, जिला इथे सिल म्हणतात, तिच्यावर तो पुढून मागे ठोकत गेला. टण, टण, टण. मागच्या चाकाच्या वीतभर अलीकडे आवाज बदलला. भद. सांगलीच्या बाजारात कलिंगड ठोकून घेणाऱ्या कुणालाही तो फरक कळला असता. मलाही कळला, पण अकरा महिने उशिरा.

गाडी होती २००७ सालची माझदा एमएक्स-५. ती मी खर्च कमी व्हावा म्हणून घेतली होती. तिच्यासाठी मी २००३ ची पोर्शे बॉक्स्टर विकली होती, आणि विकण्याच्या आधी सहा आठवड्यांत तिच्यावर ४,१५० पाउंड खर्च केले होते. दोन आसनांची, कापडी टपाची गाडी हौसेने बाळगणारी आपली बरीच मंडळी आता इंग्लंडात आहेत, पुण्या-मुंबईतही आहेत. एका गाडीचा खर्च झेपेना म्हणून दुसरी घ्यावी, हा विचार त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येतोच. मी तो कसा केला आणि कसा करायला हवा होता, ते सांगतो.

आम्ही स्टॉकपोर्टला राहतो. रविवारी पहाटे ए-६ ने बक्स्टनला जायचं, तिथून मॅक्लेसफील्डकडे उतरणारा कॅट अँड फिडलचा घाट धरायचा आणि नऊच्या आत घरी परतायचं, हा माझा पाच वर्षांचा नेम होता. बॉक्स्टरचं इंजिन आसनांच्या मागे, गाडीच्या पोटात असतं. त्यामुळे वळणावर ती एखाद्या नर्तकीसारखी कमरेतून फिरते. ती घेतली तेव्हा साडेसहा हजार पाउंड दिले. नवी असताना ती तीस हजारांच्या पुढची होती. माझी पहिली चूक याच दोन आकड्यांमधली. मी स्वतःला साडेसहा हजारांच्या गाडीचा मालक समजत होतो. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. तिचे डिस्क, तिचे रेडिएटर, तिची मजुरी, सगळं तीस हजारांच्या गाडीचंच राहतं. इंजिनात आठ लिटरच्या वर ऑइल लागतं, एमएक्स-५ ला साधारण निम्मं. आणि इंजिन पोटात असल्यामुळे बॉनेट उघडून काहीच दिसत नाही. मिस्त्रीला आसनांमागचं झाकण काढून किंवा गाडीखाली जाऊन काम करावं लागतं, त्याचे तास लागतात आणि त्या तासांचे पैसे लागतात.

त्या हिवाळ्यात सगळं एकदम आलं. पुढच्या बंपरच्या जाळ्यांमागे दोन्ही बाजूंना रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर असतात. तिथे झाडांची पानं शिरून बसतात, भिजतात, कुजतात आणि ॲल्युमिनियम खातात. मी पाच वर्षांत बंपर काढून ती पानं एकदाही साफ केली नव्हती. रेडिएटर आणि कंडेन्सरचे ११५० पाउंड झाले, ते माझ्या हयगयीचे. क्लच घसरू लागला होता. गिअरबॉक्स उतरवलाच होता, म्हणून त्याच्या मागचं बेअरिंग आणि ऑइल सीलही बदलून घेतलं, त्या कामाचे २०५० पाउंड. चार टायरचे ६२० आणि एका तुटलेल्या स्प्रिंगपायी दोन्ही बदलल्या त्याचे ३३०.

त्या बेअरिंगबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बॉक्स्टर विकत घेणाऱ्याला ते माहीत नसणं परवडत नाही. १९९६ पासून २००८ पर्यंतच्या इंजिनांत एक मधला दांडा आहे. क्रँकशाफ्टची गती साखळ्यांमार्फत कॅमशाफ्टकडे जाते ती याच्यावरून. त्याच्या टोकाचं बेअरिंग फुटलं तर साखळ्यांचा ताळ सुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. अमेरिकेत यावरून मालकांनी सामुदायिक दावा लावला आणि २०१३ मध्ये समझोता झाला. बहुतेक गाड्यांत हे कधीच घडत नाही. माझ्या गाडीतलं जुनं बेअरिंग निघालं तेव्हा ठणठणीत होतं. पण ते गिअरबॉक्स आणि क्लच उतरवल्यावरच हाताशी येतं, म्हणून क्लचच्या कामातच ते बदलून घेणं शहाणपणाचं. २००६ ते २००८ च्या इंजिनांत ते आकाराने मोठं आहे, पण इंजिन उघडल्याशिवाय निघत नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात तो दांडाच नाही. बॉक्स्टरमधून बॉक्स्टरमध्येच जायचा विचार असेल, तर ही २००९ ची रेघ ध्यानात ठेवा.

म्हणजे जानेवारीच्या अखेरीला माझ्या दारात कशी गाडी उभी होती? क्लच नवा, बेअरिंग नवं, रेडिएटर नवे, टायर नवे, फेब्रुवारीचं एमओटी पार. त्या मॉडेलचं जे जे भय असतं ते सगळं निस्तरलेलं. आणि नेमकं तेव्हाच मी ठरवलं की आता पुरे.

रात्री जेवणाच्या टेबलावर बसून मी एका कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे बॉक्स्टर, उजवीकडे एमएक्स-५. डावीकडे पाच वर्षांची सगळी बिलं उतरवली. एकूण ८,९०० पाउंड. उजवीकडे लिहिलं वार्षिक सर्व्हिसिंग, विमा, टायर. बायको चहा घेऊन आली, तिने कागद बघितला आणि विचारलं, “अहो, हे डावीकडचं सगळं झालेलं आहे ना? मग आता तिच्यावर करायचं काय उरलंय?”

मी म्हणालो, “उद्या आणखी काहीतरी निघेल.”

“आणि त्या दुसरीत नाही निघणार?”

मला राग आला. त्या रागाखाली भीती होती, हे आज मान्य करतो. मोठं बिल भरल्यावर माणूस हिशेब करत नाही, तो झालेल्या दुखण्याचा वचपा काढत असतो. तिचा पहिला प्रश्न हाच या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न होता. भरलेले पैसे दोन्ही वाटांनी गेलेलेच आहेत. गाडी विकल्याने ते परत येत नाहीत आणि ठेवल्याने पुन्हा द्यावे लागत नाहीत. रकान्यात यायला हवा तो फक्त पुढचा खर्च, आणि तोही दोन्ही बाजूंना सारख्याच मुदतीचा. मी नंतर, फार उशिरा, तो हिशेब मांडला. बॉक्स्टरचा पुढच्या तीन वर्षांचा अंदाज, सर्व्हिसिंग, ब्रेक डिस्क, इग्निशन कॉइल, सगळं धरून २,४०० पाउंडांच्या आसपास येत होता. वर्षाला आठशे. हे मला सहज झेपलं असतं.

पण मी फेब्रुवारीत जाहिरात टाकली. उघड्या टपाची गाडी, बाहेर गारांचा पाऊस. एप्रिल-मेमध्ये अशा गाड्यांना गिऱ्हाईक धावत येतं, फेब्रुवारीत फोन वाजत नाही. अखेर ५,९०० ला गेली. माझ्या ४,१५० च्या कामातलं फारच थोडं त्या किमतीत उतरलं. खरेदी करणारा तरुण बिलांची फाइल चाळत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते माझ्या चेहऱ्यावर असायला हवं होतं.

एमएक्स-५ मला ४,२०० ला मिळाली. हाती १,७०० उरले. ती खरोखर सोपी गाडी आहे, हे आधी सांगतो. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती प्रथम दिसली आणि २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. कुठल्याही गल्लीतला मिस्त्री तिला हात लावू शकतो, इंजिन समोर बॉनेटखाली असतं, भाग स्वस्त मिळतात. तिचा वैरी एकच, आणि तो इंजिनात नसतो. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खालून खातं. वरून टपाचं पाणी दोन नळ्यांतून खाली जातं, त्या पानांनी तुंबल्या की पाणी सिलच्या पोटात साठतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरचा रंग चकाकत असतो. यात गाडी बनवणाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, पंधरा हिवाळे कोणत्याही पत्र्याला जड जातात. (बॉक्स्टरलाही अशाच नळ्या असतात. तिथे पाणी आसनाखालच्या इलेक्ट्रॉनिक डब्यापर्यंत पोचतं आणि गाडी सुरूच होत नाही. कापडी टपाची कुठलीही गाडी असो, पानगळीत महिन्यातून एकदा त्या नळ्या मोकळ्या करा.)

विकणाऱ्याने गाडीच्या पोटाला डांबरासारखा जाड काळा लेप दिला होता. मी तो बघून खूश झालो, काळजी घेतलेली दिसते म्हणून. हे उलटं वाचायला हवं होतं. मेणाचा पातळ, पारदर्शक थर देणारा माणूस पत्रा जपत असतो. विक्रीच्या तोंडावर दिलेला ताजा जाड लेप काहीतरी झाकत असतो. शिवाय एमओटी नुकतंच झालेलं होतं, त्याने मी निर्धास्त झालो. जाड लेप खरवडून काढून तपासनीसाला खालचं बघता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

सगळ्यात मोठी हळहळ वेगळीच आहे. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर घातला की तिच्या प्रत्येक एमओटीचा इतिहास फुकट दिसतो. पास, नापास, त्या दिवशीचे मैल आणि तपासनीसाने दिलेल्या सूचना. मी ते गाडी घेतल्यानंतर बघितलं. तीन वर्षांपूर्वीची नोंद होती, दोन्ही सिलना गंज. पुढच्या वर्षी पुन्हा तीच. त्याच्या पुढच्या वर्षी गंजाचा उल्लेखच नाही, फक्त लेपामुळे खालचा भाग दिसत नाही एवढंच. गंज आपोआप बरा होत नाही. सूचना एकाएकी गायब झाली आणि वेल्डिंगचं बिल मात्र नाही, असं दिसलं की तिथूनच परत फिरावं.

सीट बेल्टच्या किंवा सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजला असेल तर गाडी नापास होते. माझी झाली. दोन्ही बाजूंचं वेल्डिंग १,४८० पाउंड. मागचे ब्रेक जाम झाले होते ते २६०, टायर ३२०. पहिल्याच वर्षी २,०६० गेले, म्हणजे उरलेले १,७०० तर गेलेच, वर आणखी ३६०. गाडी खाजगी माणसाकडून घेतलेली, त्यामुळे दाद मागायलाही फारशी जागा नव्हती. व्यापाऱ्याकडून घेतली असती तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने तीस दिवसांत सदोष गाडी परत करता आली असती. माझे तीस दिवस तर कधीच उलटून गेले होते, पण ज्यांचे उलटायचे आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं.

छोट्या खर्चांनाही मी रकान्यात जागा दिली नव्हती. रोड टॅक्स गाडीबरोबर हस्तांतरित होत नाही. विकणाऱ्याला पूर्ण महिन्यांचाच परतावा मिळतो, घेणाऱ्याला चालू महिना पुन्हा भरावा लागतो. विम्याची मधेच अदलाबदल केली की शुल्क पडतं. आणि एक तारीख काळजावर कोरून ठेवा, २३ मार्च २००६. किलोमीटरला २२५ ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडणारी गाडी या तारखेच्या आधी नोंदलेली असेल तर तिच्या करावर मर्यादा आहे. नंतरची असेल तर वर्षाला जवळपास तीनशे पाउंड जास्त. एकाच कारखान्यातून एकाच महिन्यात निघालेल्या दोन गाड्यांत एवढा फरक पडू शकतो.

पुण्याचा मावसभाऊ गेल्या वर्षी अशाच अदलाबदलीच्या विचारात होता. त्याला दिल्लीची एक जुनी दोन आसनी गाडी फार स्वस्त दिसली. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी होती, म्हणून त्या वयाच्या जवळ आलेल्या गाड्यांची किंमत पडत होती. महाराष्ट्रात आणायची तर दिल्लीच्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा कर, आणि आयात गाडीला कराचा दर देशी बांधणीच्या गाडीपेक्षा चढा. त्यापुढे प्रत्येक भाग बाहेरून मागवायचा, त्यावर सीमाशुल्क. मी त्याला एवढंच सांगितलं की आधी आपल्या शहरात त्या गाडीवर काम करणारा एक तरी मिस्त्री शोध, त्याच्याशी बोल, मग किमतीकडे बघ. त्याला मिस्त्री सापडला नाही आणि त्याने विचार सोडला.

गाडी बदलूच नये असं माझं म्हणणं नाही. मोठं काम समोर उभं असेल, क्लच घसरतोय, इंजिन ऑइल पितंय, आणि तेवढे पैसे नसतील, तर खरं ते सांगून, किंमत कमी करून, काम न करताच विका. घरात मूल आलं, ऑफिस लांब गेलं, तर बदला. पण मोठं बिल भरल्यापासून निदान एक उन्हाळा तरी ती गाडी चालवा. आणि नवी घेताना दीड-दोनशे पाउंड देऊन त्या मॉडेलच्या जाणकाराकडून ती रॅम्पवर चढवून तपासून घ्या. त्यात इंजिनापेक्षा पत्र्याला जास्त वेळ द्यायला सांगा. इंजिनाचं काम एकदा पैसे दिले की संपतं, गंज दर हिवाळ्यात पुन्हा येतो.

एमएक्स-५ मी ठेवली आहे. तिच्यावर आता पैसे लागलेत, त्यामुळे ती चांगली आहे, आणि मागची चूक मला पुन्हा करायची नाही. रविवारी अजूनही घाटात जातो. पण जुन्या गाडीचा नंबर मला पाठ आहे आणि दर फेब्रुवारीच्या अखेरीला मी तो त्या संकेतस्थळावर घालतो. २०२३, पास. २०२४, पास, मागचे टायर झिजत आलेत एवढीच सूचना. २०२५, पास, ८९,००० मैल, सूचना काही नाही.