धडा : शिडाच्या नौकेची जगप्रदक्षिणा आणि रोजची डागडुजी

इयत्ता : चौथी ते सातवी
विषय : परिसर अभ्यास, भूगोल, विज्ञान, गणित (एकत्रित)
वेळ : चार तासिका आणि एक आठवड्याचा उपक्रम



आपल्या तळोजा भागातल्या मुलांना समुद्र माहीत असतो तो कंटेनरवरून. न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणारे ट्रेलर ती रोज बघतात. पनवेलची खाडी जवळ आहे, एके काळी पनवेल हे बंदर होतं, तिथे शिडाची गलबतं लागत. पण शीड, डोलकाठी, सुकाणू हे शब्द आज मुलांना फक्त पुस्तकात भेटतात. म्हणून हा धडा शिडाच्या नौकेवर घेतला आहे. त्यात जगाचा नकाशा आहे, विज्ञान आहे, गणित आहे. आणि एक गोष्ट अशी आहे की जी आपल्या भागातल्या मुलांना विशेष सांगायला हवी. ती पुढे येईलच.

१) आधी गोष्ट सांगा

सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी नावाचं गाव आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर तिथे राहत. 1971 च्या युद्धातल्या कामगिरीबद्दल वीरचक्र मिळालेला हा अधिकारी. भारतीय माणसाने भारतातच बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, असा ध्यास त्यांनी घेतला होता. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे या कामासाठी पुढे आले.

नौका बांधली गोव्यात, दिवार बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये. लांबी 56 फूट. नाव ठेवलं ‘म्हादेई’, म्हणजे गोव्याची मांडवी नदी. दोंदे नौका तयार व्हायची वाट बघत घरी बसले नाहीत. ती बांधली जात असताना ते तिथेच होते. कुठली तार कुठून जाते, कुठला बोल्ट कुठे आहे, हे त्यांना आधीच माहीत झालं. भर समुद्रात मेकॅनिकला फोन करून बोलावता येत नाही, तेव्हा ही माहितीच कामाला येते.

19 ऑगस्ट 2009 ला दोंदे मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरांत थांबून मे 2010 मध्ये परत आले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच म्हादेईतून अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 ला मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता 31 मार्च 2013 ला मुंबईला पोचले.

मग आली ‘तारिणी’, म्हादेईची धाकटी बहीण. तीही दिवार बेटावरच बांधलेली. फेब्रुवारी 2017 मध्ये ती नौदलात दाखल झाली. तिची डोलकाठी 25 मीटर उंच आहे, म्हणजे साधारण आठ मजली इमारतीएवढी. 10 सप्टेंबर 2017 ला वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून निघाल्या आणि 254 दिवसांनी, 21 मे 2018 ला गोव्याला परतल्या. पुढे हीच तारिणी 2 ऑक्टोबर 2024 ला पुन्हा निघाली. या वेळी नौकेवर दोघीच होत्या, दिलना के. आणि रूपा ए. त्या 29 मे 2025 ला परत आल्या. वाटेत 30 जानेवारीला त्यांनी पॉइंट निमो ओलांडला. पॅसिफिक महासागरातला हा बिंदू सर्वात जवळच्या जमिनीपासून सुमारे 2,688 किलोमीटर दूर आहे. अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण 400 किलोमीटरवर फिरतं. म्हणजे ते वरून जात असेल, तर त्या जागी असलेल्या माणसाचे सर्वात जवळचे शेजारी हे अंतराळवीर असतात! हे वाक्य वर्गात सांगून बघा, मुलं गप्प होऊन ऐकतात.

२) मुलांचा प्रश्न : मोडलं तर?

ही गोष्ट सांगितली की मुलं बहुतेक वादळाबद्दल विचारतात. लाट किती उंच? भीती वाटली नाही का? हे प्रश्न चांगलेच आहेत. पण माझ्या वर्गातल्या एका मुलाने वेगळंच विचारलं, “मॅडम, मधेच काही मोडलं तर कोण दुरुस्त करतं? माझे पप्पा कंपनीत मेंटेनन्सला आहेत.” मागून एक जण म्हणाला, “ते काय, नुसतं पाना फिरवायचं काम.” पहिला मुलगा खाली बसला.

या धड्याचा मुख्य मुद्दा मला तिथे सापडला. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील एमआयडीसीत फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आहेत. शटडाऊनच्या दिवसांत ते रात्रीसुद्धा घरी येत नाहीत. मुलांना मात्र ते काम ‘साधं’ वाटतं. शिडाच्या नौकेची खरी हकीकत नीट सांगितली, तर त्याच कामाकडे ती वेगळ्या नजरेने बघतील. कारण जगप्रदक्षिणा वादळाच्या एका दिवशी पुरी होत नाही. ती रोजच्या डागडुजीवर पुरी होते. पुढचे दोन प्रसंग मुलांना जरूर सांगा.

तारिणीच्या पहिल्या फेरीत ठरलेली बंदरं चार होती : फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाऊन. शेवटच्या टप्प्यात सुकाणू फिरवणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला. दक्षिण पॅसिफिकची वादळं मागे पडली होती, घर जवळ आलं होतं. तरी त्यांनी नौका मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात नेली, दुरुस्ती करून घेतली आणि मगच गोव्याकडे वळवली. ‘थोडंच राहिलंय, रेटून नेऊ’ असं केलं नाही. मुलांना विचारा, यात शौर्य कुठे आहे?

दुसरा प्रसंग अभिलाष टॉमी यांचा. 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत वादळाने त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली, पाठीला गंभीर दुखापत झाली, आणि एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. 2022 मध्ये ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले. तिचा नियम मजेशीर आहे : नौकेचा आराखडा 1988 च्या आधीचा हवा, दिशा शोधायला जीपीएस नाही, विजेवर चालणारा ऑटोपायलट नाही. मग झोपेच्या वेळी नौका कोण चालवणार? त्यासाठी मागच्या बाजूला विंडव्हेन असतं. वाऱ्याने कलणारी एक उभी पाटी आणि तिला जोडलेलं पाण्यातलं पातं. वाऱ्याची दिशा बदलली की पाटी कलते, पातं वळतं आणि नौका पुन्हा वाटेवर येते.

या विंडव्हेनने टॉमींना फार त्रास दिला. सुटे भाग संपले तेव्हा त्यांनी टॉयलेटचं दार कापून त्याचा भाग बनवला आणि पुढे गेले. त्याच शर्यतीत आघाडीवर असलेल्या सायमन कर्वेन यांचंही विंडव्हेन मोडलं. ते दुरुस्त करायला त्यांना चिलीच्या किनाऱ्यावर जावं लागलं आणि मुख्य शर्यतीतला त्यांचा क्रमांक गेला. 16 जण निघाले होते, मुख्य गटात शर्यत पुरी केली तिघांनीच. किर्स्टन नॉयशेफर ही दक्षिण आफ्रिकेची नाविक पहिली आली, टॉमी दुसरे. एका दाराच्या फळीची किंमत मुलांना इथे कळते.

३) जुनी नौका कशी जपतात?

तारिणी दुसऱ्या फेरीला निघाली तेव्हा साडेसात वर्षांची होती. नौकेचं वय वर्षांवर कमी आणि देखभालीवर जास्त ठरतं. शिडाच्या नौकेवर काय काय बघावं लागतं, ते फळ्यावर असं लिहून द्या :

शीड : उन्हाने कापड कुजतं, शिवण उसवते. सुई-दोरा, चिकटपट्टी आणि कापडाचे तुकडे कायम जवळ हवेत. छोटी फाट आज शिवली नाही, तर उद्याच्या वाऱ्यात अख्खं शीड जातं.

दोर : दोर ओढल्याने तुटतो त्यापेक्षा घासल्याने जास्त तुटतो. म्हणून जिथे घासतो तिथे चामडं किंवा नळीचा तुकडा लावतात आणि दोर अधूनमधून वीतभर सरकवतात, म्हणजे एकाच जागी झीज होत नाही.

डोलकाठीच्या तारा : डोलकाठीला चारी बाजूंनी पोलादी तारांचा ताण असतो. तारेचा एक बारीक धागा टोकाजवळ तुटलेला दिसला, तरी ती धोक्याची खूण. त्यासाठी डोलकाठीवर चढून बघावं लागतं.

तळ : पाण्यात राहिलेल्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव चिकटतात, वेग कमी होतो. नौका बाहेर काढून तळ खरवडतात आणि खास रंग देतात.

जस्ताचा तुकडा : खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जवळ असले की त्यातला एक झिजू लागतो. म्हणून पाण्याखालच्या धातूला मुद्दाम जस्ताचा तुकडा जोडतात. जस्त आधी झिजतं आणि महागाचा पंखा व दांडा वाचतो. तुकडा संपत आला की नवा लावायचा.

लाकडी बूच : तळाजवळ जिथे जिथे पाण्याचा नळ आहे, तिथे त्या मापाचं निमुळतं लाकडी बूच बांधून ठेवतात. नळ तुटला तर शोधाशोध करायला वेळ नसतो.

नोंदवही : काय बघितलं, काय बदललं, कधी बदललं. वही नसेल तर आठवणीवर विसंबावं लागतं, आणि थकलेल्या माणसाची आठवण दगा देते.

हे आपल्या कोकणाला नवीन नाही. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्याआधीच होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. या काळात जाळी विणली जातात, इंजिन उघडलं जातं, फळ्या बदलतात, रंग होतो. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करतात तो दिवस सगळ्यांना दिसतो, त्यामागची दोन महिन्यांची मेहनत दिसत नाही. वर्गात कोळी-आगरी कुटुंबातली मुलं असतील तर त्यांच्या आजोबांना बोलवा. या विषयावर ते आपल्यापेक्षा छान बोलतील.

४) कृती

गणित : 1 सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. पृथ्वीभोवतीच्या वर्तुळाचे अंश 360, प्रत्येक अंशाचे 60 भाग. 360 × 60 = 21,600. म्हणून पृथ्वीप्रदक्षिणेसाठी निदान 21,600 सागरी मैल हवेत. त्याचे किलोमीटर करा (उत्तर 40,000 च्या जवळ यायला हवं). नौका तासाला 6 सागरी मैल गेली तर दिवसात किती? 144. मग 21,600 मैलांना किती दिवस? 150. आता 1 नोव्हेंबर ते 31 मार्च, दोन्ही दिवस धरून मोजा : 30 + 31 + 31 + 28 + 31 = 151. टॉमींचे दिवस मुलांनी स्वतः मोजले की आकडा लक्षात राहतो.

नकाशा : पृथ्वीगोलावर लोकरीचा धागा धरून गोवा, फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाऊन, गोवा असा मार्ग दाखवा. मग विचारा, ‘सुएझ किंवा पनामा कालव्यातून का नाही गेले?’ प्रदक्षिणेच्या नियमात कालव्याने जाणं बसत नाही. मोठी भूशिरं वळसा घालूनच ओलांडायची.

विज्ञान : तीन ग्लास घ्या. पहिल्यात साधं पाणी आणि लोखंडी खिळा. दुसऱ्यात मिठाचं पाणी आणि खिळा. तिसऱ्यात मिठाचं पाणी आणि जीआय तार घट्ट गुंडाळलेला खिळा (हार्डवेअरच्या दुकानात तुकडा मिळतो, तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो). आठवडाभर रोज बघून नोंद करा. कुठला खिळा आधी गंजला? तारेवर काय दिसलं?

दोर : सुतळी बाकाच्या कडेवर पन्नास वेळा घासा. दुसरी सुतळी घ्या, कडेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवा आणि तेवढ्याच वेळा घासा. दोन्ही भिंगातून बघा.

उपक्रम – दुरुस्तीची नोंदवही : प्रत्येक मुलाने आठवडाभर घरात काय दुरुस्त झालं ते लिहायचं. गळणारा नळ, सायकलची चेन, फाटलेलं दप्तर, मिक्सरची वायर. कोणी केलं, कोणत्या हत्याराने, किती वेळ लागला? एक दुरुस्ती मोठ्यांच्या देखरेखीखाली स्वतः करायची. विजेच्या वस्तूला मात्र मुलांनी हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं.

५) चर्चेसाठी प्रश्न

घर जवळ असताना तारिणी मॉरिशसला का वळली? तुम्ही असता तर काय केलं असतं?
जस्ताच्या तुकड्याचं काम एका वाक्यात सांगा.
नौका बांधताना दोंदे तिथे होते, याचा समुद्रात काय उपयोग झाला असेल?
तुमच्या घरात ‘मोडायच्या आधी’ काय काय बघितलं जातं?

शिक्षकांसाठी सूचना : शेवटच्या प्रश्नाला घाई करू नका. माझ्या वर्गात यावर सगळ्यात जास्त हात वर आले. आई गॅसची नळी बघते, पप्पा बाइकचं ऑइल बघतात, आजी पावसाआधी पत्र्यावर प्लास्टिक टाकते. ही उत्तरं फळ्यावर ‘देखभाल’ या शब्दाखाली लिहा, तारिणीच्या यादीशेजारीच. दोन्ही याद्या शेजारी दिसल्या की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

पालकांना एकच विनंती. नोंदवहीसाठी मुलं तुमच्या कामाबद्दल विचारतील. ‘काही नाही रे, नेहमीचंच’ असं म्हणू नका. कुठला पंप उघडला, बेअरिंग का बदललं, सीलचा रबर कसा ओळखला, हे पाच मिनिटं सांगा. जमलं तर जुनं, झिजलेलं बेअरिंग घरी दाखवा. ‘नुसतं पाना फिरवायचं काम’ ज्या वडिलांचं म्हटलं गेलं, ते माझ्या बोलावण्यावरून शनिवारी अर्धा तास वर्गात आले होते. त्यांनी नट कधी घट्ट करायचा आणि कधी थांबायचं एवढंच दाखवलं. जास्त घट्ट केला तर आटा जातो, हे मुलांनी स्वतः करून बघितलं, आणि तास संपल्यावरही पान्यासाठी रांग लागलेली होती.