अहवालातील आकड्यांना चौकटीची जोड : रामदासपेठचे 56 अंश



निकालाचे विश्लेषण असो, प्रकल्पाचा तक्ता असो की एम.एड.चा लघुशोधप्रबंध, आजकाल आकडेमोड संगणकच करतो. एक्सेल किंवा एसपीएसएसमध्ये माहिती भरली, बटण दाबले की सरासरी, प्रमाण विचलन, आलेख सगळे तयार! पण त्या आकड्यांचा अर्थ काय घ्यायचा, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते सांगण्यासाठी अहवालात मजकुराची चौकट, म्हणजे टेक्स्ट बॉक्स घालायचा असतो. तो का आणि कसा घालायचा, हे आज आपल्या नागपूरच्याच एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण : 30 मे 2024

त्या दिवशी रामदासपेठेतील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतातील स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश सेल्सिअस तापमान दाखवले. सोनेगावच्या स्वयंचलित केंद्राने 54 दाखवले. त्याच दिवशी वर्धा रोडवरील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे केंद्र आणि रामटेकचे केंद्र मात्र 44 च्या आसपास होते. 56 चा आकडा मोबाइलवरून वाऱ्यासारखा पसरला. नंतर हवामान विभागाने खुलासा केला, की संवेदकातील म्हणजे सेन्सरमधील बिघाडामुळे हे आकडे चुकीचे आले. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर 52.9 अंशांची नोंद झाली होती. तिथेही तपासणीत उपकरण 3 अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले.

आता हेच चार आकडे (56, 54, 44, 44) सॉफ्टवेअरमध्ये भरून बघा. उत्तर येते :

- संख्या : 4
- किमान : 44, कमाल : 56
- सरासरी : 49.5
- प्रमाण विचलन : 6.4

गणित अगदी बरोबर आहे. तरीही 49.5 अंश हे तापमान त्या दिवशी या चारपैकी एकाही केंद्रावर नव्हते. शिवाय नागपूरचा नोंदलेला उच्चांक 47.9 अंशांचा आहे, 23 मे 2013 चा. म्हणजे आपली सरासरीच उच्चांकाच्या 1.6 अंश वर गेली! बिघडलेली दोन केंद्रे बाजूला ठेवली तर सरासरी 44 येते. अहवाल वाचणाऱ्याला हे कळणार कसे? त्यासाठीच चौकट.

चौकटीत काय लिहावे?

तीन-चार छोटी वाक्ये पुरेत. वरील तक्त्यासाठी अशी चौकट करता येईल :

> टीप : रामदासपेठ व सोनेगाव येथील नोंदी सेन्सरच्या बिघाडामुळे चुकीच्या असल्याचे हवामान विभागाने सांगितले आहे. मूळ नोंदी तक्त्यात ठेवल्या आहेत, सरासरीत धरलेल्या नाहीत. उरलेल्या 2 केंद्रांची सरासरी : 44 अंश.

यात काय वगळले, का वगळले, कोणाच्या आधारे वगळले आणि मग उत्तर काय आले, या चारही गोष्टी आल्या. मूळ आकडा खोडू नका. आवडला नाही म्हणून आकडा काढणे आणि कारण सांगून बाजूला ठेवणे यात फार फरक आहे. कारण सांगता येत नसेल, तर आकडा गणनेत राहू द्या आणि तो वेगळा दिसतो एवढेच चौकटीत लिहा.

एक्सेलमध्ये चौकट

1. आधी आलेखावर क्लिक करा, मग इन्सर्ट टॅबमधून टेक्स्ट बॉक्स घ्या. असे केल्याने चौकट आलेखाचाच भाग होते. आलेख हलवला किंवा वर्डमध्ये नेला, तरी ती सोबत जाते.
2. चौकटीतली सरासरी हाताने टाइप केली, तर माहिती बदलल्यावर चौकटीत जुनाच आकडा राहतो. म्हणून एका रिकाम्या सेलमध्ये वाक्य तयार करा : बरोबरचे चिन्ह, अवतरणचिन्हांत शब्द, मग & आणि सरासरीचा सेल. दशांश फार येत असतील तर राउंड हे फंक्शन वापरा.
3. आता चौकटीच्या कडेवर क्लिक करा, वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बरोबरचे चिन्ह टाका, त्या सेलवर क्लिक करून एंटर दाबा. यापुढे आकडा बदलला की चौकटही आपोआप बदलेल.

एक मर्यादा लक्षात ठेवा : अशा जोडलेल्या चौकटीत एखादाच शब्द ठळक करता येत नाही. सगळ्या मजकुराचे रूप एकच राहते.

एसपीएसएसमध्ये चौकट

आउटपुटच्या खिडकीत ज्या तक्त्याखाली टीप हवी, तो तक्ता निवडा. इन्सर्ट मेनूतून न्यू टेक्स्ट घ्या आणि मजकूर लिहा. अक्षराचा आकार, ठळकपणा तिथेच बदलता येतो. आलेखावर चौकट हवी असेल तर आलेखावर डबल क्लिक करून चार्ट एडिटर उघडा आणि ऑप्शन्स मेनूतून टेक्स्ट बॉक्स निवडा.

इथला मजकूर आपोआप बदलत नाही. विश्लेषण पुन्हा केले की टीपही पुन्हा तपासा. एक्सपोर्ट करताना फक्त आलेख निवडले, तर तक्त्याखालची टीप मागेच राहते. म्हणून पूर्ण आउटपुट वर्ड किंवा पीडीएफमध्ये काढा.

सजावट किती?

- शाळेत बहुतेक कागद काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर निघतात. लाल अक्षरांवर भिस्त ठेवू नका, स्पष्ट रेघेची चौकट करा.
- पार्श्वभूमी पांढरी किंवा अगदी फिकट ठेवा.
- मराठीसाठी युनिकोड फॉन्ट वापरा, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर अक्षरांचा गोंधळ होतो.
- चौकट एकाही आकड्यावर किंवा रेषेवर येऊ देऊ नका.

पालकांसाठी दोन शब्द

समजा, पाच मुलांच्या गटाचे गुण 62, 58, 70, 66 आणि 0 आहेत. सरासरी 51.2. पण ते शून्य आजारपणामुळे गैरहजर असलेल्या मुलाचे असेल तर? हजर चौघांची सरासरी 64 येते. शेजारी चौकट नसेल, तर शिकवणारा कमी पडला किंवा मुले कच्ची आहेत, असा निष्कर्ष कोणीही काढेल. त्या पाचव्या मुलावर तर उगाचच 'शून्यवाला' असा शिक्का बसेल. म्हणून शाळेकडून सरासरी मिळाली की नम्रपणे विचारा, "सर, यात गैरहजर मुले धरली आहेत का?"

वर्गात करून पाहा

आठवी-नववीच्या मुलांना वरचे चार तापमानाचे आकडे फळ्यावर द्या, खुलासा मात्र आधी सांगू नका. सरासरी काढायला लावा आणि विचारा, "हा आकडा पटतो का? का नाही?" मग नागपूरचा उच्चांक सांगा, शेवटी हवामान विभागाचा खुलासा. प्रत्येकाने वहीत स्वतःच्या शब्दांत तीन ओळींची चौकट लिहावी. संगणक नसला तरी चालेल, पट्टी आणि पेन्सिल पुरे. मुलांनी लिहिलेल्या चौकटी एकमेकांना वाचायला द्या. तक्ता न पाहता, नुसती चौकट वाचून काय वगळले आणि का, हे शेजारच्या मुलाला सांगता आले तर चौकट जमली असे समजा.