महाविद्यालयाची निवड आणि पंगतीचा प्रश्न

महाविद्यालय निवडताना आपण गुणांची टक्केवारी पाहतो, विषय पाहतो, फी आणि एस. टी.चे भाडे पाहतो. तेथे आपल्याशी कोण बोलेल, हे मात्र कोणी पाहत नाही. माझ्या माहितीतील काही मुले पहिल्याच सत्रात शिक्षण सोडून गावी परतली. अभ्यास झेपत नव्हता असे नाही. तास संपल्यावर कोणाजवळ बसावे, हे त्यांना उमगले नाही. म्हणून हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार पूर्वीच झाला आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. पुढे जैन, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य गणल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह झाले. खेड्यातून आलेल्या मुलाला परक्या शहरात आधी पाय टेकायला जागा हवी, आपली बोली बोलणारे चार जण हवेत, ही गरज त्यांतून भागली.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचेच नाव देण्यात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने १९४६ साली मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाने सकाळचे वर्ग ठेवले, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांनाही शिकता आले. कोणाला आत घ्यायचे, हे कधीकधी वेळापत्रकही ठरवते!

मला वाटते, या दोन वाटा परस्परविरोधी नाहीत. त्या एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या आहेत. केवळ आपल्यासारख्यांतच राहिलो तर महाविद्यालयात येऊनही आपण गावातच राहतो. आणि आपले असे कोणीच नसेल तर टिकाव लागत नाही. तेव्हा प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी अर्धा दिवस त्या आवारात काढावा. मेसमध्ये कोण कोणाशेजारी बसते? वक्तृत्व स्पर्धेत गावाकडच्या बोलीत बोलणाऱ्याला हसतात, की ऐकून घेतात? मुली ग्रंथालयात निर्धास्तपणे बसतात का? माहितीपत्रक याची उत्तरे देत नाही.

आणि जे आधीच आत आहेत, त्यांचे काय? नवा विद्यार्थी पाहायला येईल ते आवार आपलेच असेल. प्राध्यापकांनी पहिल्या आठवड्यात बाकांवरील जागा बदलून पाहाव्यात, आपण कॅन्टीनमध्ये एक खुर्ची रिकामी ठेवावी. एवढ्यानेही एखादा मुलगा दुसऱ्या सत्रापर्यंत टिकेल.